अकरा भोपळे

त्या वर्षी आमचं घर शुक्रवारवर चालायचं. सोमवार ते गुरुवार आई आणि मी नुसते दिवस ढकलायचो. शुक्रवारी दुपारपासून मात्र आईच्या अंगात काहीतरी संचारायचं. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सरची घरघर, मग एकदम शांतता, कारण खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ श्टाइनरची झोपायची वेळ झालेली असायची आणि मिक्सर लावला की ती झाडूच्या दांड्याने छताला ठोकायची. संध्याकाळी सातच्या सुमाराला जिन्यात बाबांच्या बुटांचा आवाज यायचा. तिसऱ्या मजल्यापर्यंत बावन्न पायऱ्या होत्या आणि आमच्या घरी लिफ्टची हौस फक्त मनातच होती. बाबा शेवटच्या वळणावर थांबून दम घ्यायचे, तेव्हा आई पोळीचा तवा गॅसवर ठेवायची. दारात बॅग टेकायच्या आत पहिली पोळी फुगलेली असली पाहिजे, असा तिचा हट्ट. बाबा बूट काढता काढता विचारायचे, "शालू, काय गं, आठवडा कसा गेला?" आणि मी म्हणायचे, "गेला." एवढंच. सोळा वर्षांच्या मुलीकडून याहून जास्त उत्तराची अपेक्षा करू नये.

बाबा आधी आमच्याच गावात, जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमध्येच, मोटारींच्या मोठ्या कारखान्यात कामाला होते. म्हणजे तिथे काम करायचे, पण माणसं पुरवणाऱ्या भलत्याच कंपनीचे नोकर होते. तो करार संपला तसे ते लांब, फ्रांकफुर्टच्या बाजूला, बाड हॉम्बुर्गजवळ एका छोट्या, पंप बनवणाऱ्या कंपनीत लागले. आठवडाभर तिथे कंपनीने दिलेल्या खोलीत राहायचं, शुक्रवारी गाडीने घरी यायचं. सगळं बिऱ्हाड का नाही हलवलं? तर प्रोबेत्साइट. पहिले सहा महिने कंपनी माणूस पारखून घेते, आवडला नाही तर दोन आठवड्यांत नारळ देते, त्या मुदतीचं नाव प्रोबेत्साइट. आमच्या घरात हा शब्द असा वापरला जायचा, की जणू कुणाला दिवस गेलेत. "प्रोबेत्साइट संपू दे, मग पडदे बदलू." "प्रोबेत्साइट आहे, आत्ता इंडियाच्या तिकिटांचं नाव काढू नका." फोनवर पुण्याच्या मावशीला सांगताना तर आई आवाजच खाली आणायची.

आणि तिची काळजी खोटी नव्हती. आमचे इथे राहायचे कागद बाबांच्या नोकरीला बांधलेले होते. नोकरी गेली की कागद जाणार आणि कागद गेले की आम्ही. मला हे पुरतं ठाऊक होतं आणि मला जायचं नव्हतं. कोथरूडमधून तेराव्या वर्षी उचलून आणलेल्या मला जर्मन बोलायला एक वर्ष, जर्मनमध्ये भांडायला दुसरं आणि जर्मनमध्ये विनोद करायला तिसरं वर्ष लागलं होतं. आता कुठे वर्गात माझ्या बोलण्यावर पोरं हसायची, माझ्यावर नाही. हे सगळं सोडून परत पुण्याला जाऊन अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत उभं राहायचं? छे! विचार आला तरी पाय शिवशिवायला लागायचे. मी घरात बसतच नसे. सायकल काढायची, डोनाऊ नदीच्या काठाने जायचं, दगडी पुलाखालचं पाणी बघायचं, परत यायचं, पत्रपेटी उघडून बघायची, पुन्हा सायकल. आई म्हणायची, "पायाला भिंगरी लागलीय कार्टीच्या." भिंगरी नव्हती, भीती होती. पण ते मला आत्ता, चाळिशीला टेकल्यावर, म्हणता येतं.

हॅलोविनचं खूळ तेव्हा तिथे नवंच होतं. फ्राऊ श्टाइनरसारखी माणसं नाक मुरडायची, की दुसऱ्या दिवशी ऑलसेंट्सचा सण, आपल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावायचे, आणि आदल्या दिवशी ही कसली अमेरिकन भुतं! पण शाळेला उत्साह. सुट्टी लागायच्या आधी आमच्या शाळेत मोठी पार्टी झाली आणि कुठल्याशा शेतकऱ्याने गाडीभर भोपळे दिले. निम्मे कोरले, त्यांना डोळे-दात काढले, आत मेणबत्त्या लावल्या. मग शरदाची आठवड्याची सुट्टी लागली आणि सगळे भोपळ्यांना विसरून घरी गेले. सोमवारी शाळा उघडली तेव्हा कोरलेल्या भोपळ्यांना करडी लव आली होती आणि त्यांची तोंडं आत ओढली गेली होती, कवळी काढलेल्या म्हाताऱ्यांसारखी. ते सरळ बियोटोनेत गेले. बियोटोने म्हणजे ओल्या कचऱ्याचा तपकिरी डबा. उरले न कोरलेले अकरा. आमच्या वर्गशिक्षिका फ्राऊ लिंडनर म्हणाल्या, "कुणाला हवेत? नाहीतर तेही टाकावे लागतील."

कुणी हात वर केला नाही. आणि मी, शहाणी, केला. धडधडीत चांगले, केशरी, गुळगुळीत, अख्खे भोपळे कचऱ्यात? माझ्या आजोळच्या सात पिढ्या आतून ओरडल्या असतील. "आम्ही खातो," मी म्हणाले. यूलिया नावाची माझी मैत्रीण शेजारी बसायची, तिने डोळे मोठे केले. "हे? हे तर डेकोरेशनचे असतात." मग मला जोरच आला. म्हटलं, आम्ही याची भाजी करतो, भरीत करतो, गूळ घालून गोड पुऱ्या करतो, घारगे म्हणतात त्यांना, तुम्ही खाल तर बोटं चाटाल. फ्राऊ लिंडनर खूश. म्हणाल्या, "वंडरबार! मग वर्गासाठी आण ना. आपला पुढच्या गुरुवारी एकत्र नाश्ता आहेच." अठ्ठावीस पोरांचे घारगे मी असे एका दमात कबूल करून बसले.

घरी नेण्यासाठी फ्राऊ श्टाइनरची लाकडी हातगाडी मागून आणली. या गाडीतून तिकडचे लोक पोरं आणि बिअर दोन्ही सारख्याच प्रेमाने वाहून नेतात. दोन खेपा झाल्या. ट्रामचे रूळ नव्हते तरी फरसबंदी होती, त्यामुळे गाडी खडखडत होती, भोपळे एकमेकांवर आपटत होते आणि येणारेजाणारे हसत होते. मग तिसरा मजला. एकेक भोपळा पोटाशी धरून बावन्न पायऱ्या, अकरा वेळा. आईने दार उघडलं आणि ओळीने मांडलेले भोपळे बघून कपाळाला हात लावला.

"अगं बाई! हे काय? कुणाचं लग्न आहे?"

"फुकट मिळाले, आई. टाकून देणार होते."

"फुकट मिळाले म्हणून अकरा आणायचे? ठेवू कुठे? डोक्यावर?" असं म्हणेपर्यंत तिने एक उचलून टिचकी मारली, कानाशी नेला, पुन्हा मारली. तिचा चेहरा निवळला. "जरा पाणचट असतील. पण पीठ जास्त घातलं की होतील घारगे. खसखस आहे आपल्याकडे." मी सुरी काढून दिली. तिने ती परत खणात ठेवली आणि अगदी सहज म्हणाली, "बाबा आले की चिरू."

आता हे सांगायलाच हवं. अख्खा भोपळा बाईने चिरायचा नाही. कोहळा काय, भोपळा काय, तो घरच्या थोरल्या मुलासारखा, त्यावर बाईने पहिली सुरी चालवायची नाही. घरातल्या पुरुषाने येऊन पहिला काप द्यायचा, अगदी नुसती सुरी टोचली तरी चालते, मग पुढचं सगळं चिरणं, किसणं, तळणं, भांडी घासणं बाईचंच. पुण्यात हा प्रश्न कधी आलाच नव्हता, कारण मंडईत काप करूनच मिळायचे. आई केमिस्ट्रीची एम.एस्सी. कॉलेजात शिकवलेली. शनिवारी नखं कापायची, मांजर आडवं गेलं तर मांजरालाच हाक मारायची. पण हे एक तिच्या आईकडून आलेलं आणि आत कुठेतरी खिळा मारून बसलेलं. मी हसले तर तीही हसली. "मलाही पटत नाही गं. पण करवत नाही." आणि मग हळूच पुढचं वाक्य, "त्यातून सध्या प्रोबेत्साइट आहे. उगाच कशाला?" एकदा प्रोबेत्साइटचं नाव निघालं की आमच्या घरात वाद संपायचा.

शुक्रवार आला. सुट्टीतल्या शुक्रवारी बाबा आले नव्हते, काम खूप आहे म्हणाले होते. या शुक्रवारीही दुपारी तीनला फोन. "प्रोजेक्ट गळ्याशी आलाय. पुढच्या आठवड्यात नक्की." मला आज नवल वाटतं ते याचं, की दुपारी तीन वाजता एक इंजिनियर अर्धा तास फोनवर बोलतोय, माझ्या गणिताची चौकशी करतोय, आईला विचारतोय की आज काय केलंस, मागे कुठल्याही मशीनचा आवाज नाही, फक्त कुणीतरी खोकतंय आणि पानं उलटतंय, आणि आम्हा दोघींपैकी एकीलाही संशय येत नाही. आईला उलट बरं वाटलं. "बघ, किती विश्वास टाकतात यांच्यावर. शनिवार-रविवारीसुद्धा सोडवत नाही त्यांना." तवा तिने उचलून परत जागेवर ठेवला. त्या दिवशी आम्ही दहीभात खाल्ला.

भोपळे बाल्कनीत होते. कडेकडेने मांडलेले, दोन खुर्चीखाली, एक चपलांच्या खोक्यावर. रोज सकाळी दार उघडलं की तेच. मी जाता-येता त्यांच्यावर टिचक्या मारायचे आणि आवाज बदलतोय का ते ऐकायचे. शनिवारी पहिलं दव गोठलं आणि रविवारच्या उन्हात दोन भोपळे बुडाशी मऊ पडले. सोमवारी फ्राऊ श्टाइनर दारात. लोकरी स्लीपर, हातात फडकं. "माझ्या बाल्कनीत टपकतंय. केशरी," ती म्हणाली. मी माफी मागितली. तिने आत डोकावून भोपळ्यांची रांग पाहिली आणि विचारलं, की खायचे आहेत तर खात का नाही? आता हिला काय सांगू? थोरल्या मुलाचं सांगू? मी म्हटलं, "आम्ही माझ्या वडिलांची वाट बघतोय." ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "आख झो," म्हणजे अस्सं होय. तिला काय वाटलं कोण जाणे. संध्याकाळी तिने अर्धा सफरचंदाचा केक वर पाठवला.

मंगळवारी मी आईला म्हटलं, "श्टाइनर बाईंचा नवरा आहे की. त्यांना बोलावू, ते पहिला काप देतील."

"घरचा पुरुष लागतो, शालू. शेजारचा चालत नाही."

"मग परवा मी काय नेऊ वर्गात? अठ्ठावीस जणांना सांगून बसलेय."

"सांगताना मला विचारलं होतंस? केक कर. बिस्किटं ने. शुक्रवारी बाबा येतील, सोमवारी करून देते."

"आणि नाही आले तर?"

आई कणीक मळत होती. ती मळतच राहिली, जरा जास्तच जोराने. "येतील," एवढंच म्हणाली.

बुधवारी दुपारी तिचा जर्मनचा क्लास असायचा, दोन ते चार. मी शाळेतून आले, घरात कुणी नाही, स्वयंपाकघरात घड्याळ टिकटिक करतंय, बाल्कनीत भोपळे. मी बसले, उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. सगळं घर कशाची तरी वाट बघत बसलंय आणि त्या कशालाही मी हात लावू शकत नाही, याचा मला इतका राग आला, की मी बाल्कनीचं दार ढकललं आणि मधला, सगळ्यात घट्ट भोपळा उचलून आणला. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. सुरी टेकवली तर निसटली, साल दगडासारखी. मग सुरीचं टोक देठाजवळ रोवलं आणि तिच्या पाठीवर लाटण्याने मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा 'खर्रर्' असा आवाज झाला आणि भोपळा एका बाजूने उघडला. ओला, गोडसर, मातीचा वास आला. काही झालं नाही. वीज पडली नाही, श्टाइनर बाईने ठोकलंसुद्धा नाही. मला खुदकन हसू आलं. मी दुसऱ्या बाजूनेही चिरला, बिया काढल्या, मोठ्या किसणीवर किसायला लागले. दंड भरून आले, पण इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बरं वाटत होतं, काहीतरी माझ्या हातून पुढे सरकत होतं.

आई साडेचारला आली. दारातच तिला वास आला असणार. ती बूट न काढता आत आली, किसाचा ढीग पाहिला, साल पाहिली.

"चिरलास?"

"हो. आणि बघ, काही झालं नाही."

ती रागावली असती तर मी भांडले असते. ती रागावली नाही. खुर्चीवर बसली, वह्यांची पिशवी मांडीवर तशीच. म्हणाली, "ठीक आहे. झालं ते झालं. गूळ काढ डब्यातला." आणि मी गूळ काढायला स्टुलावर चढले, तेवढ्यात जिन्यात आवाज आला. बुटांचा. त्याबरोबर आणखी एक, चाकांच्या बॅगेचा, एकेक पायरी ठक, ठक. शेवटच्या वळणावर थांबून दम घेतला गेला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बुधवार होता.

दारात बाबा. एका हातात मोठी बॅग, दुसऱ्या हातात दुसरी मोठी बॅग, गळ्यात लॅपटॉपची, आणि काखेत गुंडाळलेली गादीवरची चादर. शुक्रवारचा माणूस एवढं सामान घेऊन येत नाही. त्यांनी सगळं खाली ठेवलं आणि हसायचा प्रयत्न केला. "नको म्हणाले," ते बोलले. "काल सांगितलं. प्रोबेत्साइटमध्ये त्यांना कारण द्यावं लागत नाही."

आईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे पाहत होती, माझ्या केशरी झालेल्या हातांकडे. "सांगितलं होतं मी तुला," ती म्हणाली. "सांगितलं होतं, शालू." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

आम्ही शेवटी राहिलो, हे इथेच सांगून टाकते. बाबांना कागदाची मुदत संपायच्या आत आखनला काम लागलं आणि मी तिथल्या शाळेतून परीक्षा दिली. पण त्या आठवड्यात हे कुणाला ठाऊक होतं? मला एवढंच ठाऊक होतं, की बाबांची नोकरी गेली आणि ती मी घालवली. हसाल तुम्ही. सोळा वर्षांची मुलगी, फिजिक्समध्ये पहिली येणारी! मी स्वतःला शंभरदा समजावलं, की कंपनीने 'काल' सांगितलं आणि मी भोपळा 'आज' चिरला, मग माझा काय संबंध? पण मन काही ऐकेना. ते म्हणे, तू तर सोमवारपासूनच मनात सुरी धरली होतीस. आणि आईचं ते वाक्य. गुरुवारी मी शाळेला गेलेच नाही, पोट दुखतंय म्हणाले, आणि ते खरंच दुखत होतं. किस तसाच पातेल्यात, वर ताट झाकलेलं, फ्रिजमध्ये. त्याला कुणी हात लावेना. आई जेवायला वाढायची आणि माझ्या ताटातलं तसंच उचलून न्यायची. बाबा सकाळी उठून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलापाशी बसायचे आणि अर्ज लिहायचे. तिघंही एकमेकांशी अगदी गोड बोलत होतो. मीठ दे, घे, खिडकी उघडू नको, दार लाव. त्या गोडपणाने माझा जीव गुदमरायचा.

रविवारी सकाळी फ्राऊ श्टाइनर पुन्हा टपकण्याबद्दल बोलून गेली. बाबा म्हणाले, "चल शालू, आपण ते सगळे खाली नेऊ." आम्ही चार खेपांत भोपळे खाली आणले आणि अंगणात बियोटोनेपाशी ओळीने ठेवले. बाबांनी झाकण उघडलं. एकेक उचलून ते आत सोडत होते, धप्प, धप्प. चौथा की पाचवा टाकताना माझ्या तोंडून निघून गेलं.

"बाबा, माझ्यामुळे गेली का हो तुमची नोकरी?"

"तुझ्यामुळे? तुझा काय संबंध?"

"मी अख्खा भोपळा चिरला. आई नको म्हणत होती. मी चिरला आणि तासाभरात तुम्ही आलात."

बाबा आधी हसले, मोठ्याने. मग माझा चेहरा पाहिला आणि त्यांचं हसणं थांबलं. "वेडी आहेस का? असं असतं का कुठे?"

"तुम्ही माझी समजूत घालताय."

"नाही गं, राणी."

"घालताय! आईलाही तसंच वाटतं. तिने बोलून दाखवलं. ती चार दिवस माझ्याकडे नीट बघत नाहीये." आणि मी रडायला लागले, अंगणात, कचऱ्याच्या डब्याशी, हाताला भोपळ्याचा चिकट रस, नाक पुसायची सोय नाही. वर कुठल्यातरी खिडकीचा पडदा हलला. बाबा झाकण धरून उभे होते. मग त्यांनी उरलेले भोपळे तिथेच खाली सोडले, झाकण टाकलं आणि म्हणाले, "वर चल."

आई टेबलावर ताटं मांडत होती. बाबा सरळ आतल्या खोलीत गेले. मोठ्या बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला, मग आतल्या अस्तराच्या खिशाची. ते एक लिफाफा घेऊन आले, खूपदा उघडून मिटलेला, कडा मऊ झालेल्या, आणि त्यांनी तो आईच्या ताटात ठेवला.

"अहो, ताटात काय ठेवताय?"

"वाच. वरची तारीख वाच."

ते क्युंडिगुंग होतं, नोकरीवरून काढल्याचं पत्र. आईला एव्हाना तेवढं जर्मन येत होतं. तारखेला तर भाषाच लागत नाही. ती ऑक्टोबरची होती. शाळेतल्या पार्टीच्याही आधीची. भोपळे शेतकऱ्याकडेच असतील तेव्हा. आईने वाचली, पत्र मागे उलटून पाहिलं, पुन्हा वाचली. मीही तिच्या खांद्यावरून वाचली. पार्टीच्या आदल्या शुक्रवारी बाबा घरी आले होते, पोळी खाल्ली होती, मला 'आठवडा कसा गेला' विचारलं होतं. तेव्हा हे पत्र बॅगेत होतं.

"काल नाही सांगितलं त्यांनी," बाबा म्हणाले. ते आईशी बोलत होते, पण बघत माझ्याकडे होते. "चार आठवडे झाले. मी खोटं बोललो. म्हटलं दुसरी मिळाली की एकदमच सांगू, मधे कशाला दोघींना... रोज सकाळी निघायचो. फ्रांकफुर्टच्या लायब्ररीत बसायचो, अर्ज लिहायचो. बुधवारी खोली रिकामी करायची होती म्हणून आलो. नाहीतर अजूनही आलो नसतो. शालूने काही केलेलं नाही. जे केलं ते मी केलं."

माझे बाबा कडक माणूस. घरात खोटं बोललेलं त्यांना खपायचं नाही, मी दुसरीत असताना एका पेन्सिलवरून त्यांनी मला अर्धा दिवस उभं केलं होतं. तो माणूस बायकोपुढे आणि पोरीपुढे मान खाली घालून सांगत होता, की मी महिनाभर खोटं बोलतोय. त्यांना ते सांगायची काही गरज नव्हती. लिफाफा कधीच कुणाला सापडला नसता. आई त्यांना आयुष्यभर बिचारे, नशिबाने मार खाल्लेले समजत राहिली असती, आणि मला कुणी काही विचारलं नसतं. माझ्या मानेवरचं ओझं उतरवायला त्यांनी स्वतःची मान दिली. मला आता दोन मुलं आहेत. मी त्यांच्याशी लहानसहान खोटं बोलते आणि सापडले तर सारवासारव करते. बाबांनी त्या दुपारी केलं ते मला जमेल असं मला वाटत नाही.

आईने पत्राची घडी घातली, ताटातून उचललं, टेबलाच्या कडेला ठेवलं.

"आणि जेवत काय होतात?" तिने विचारलं.

बाबांना प्रश्न कळला नसावा. "कुठे?"

"चार आठवडे. दुपारी. लायब्ररीत. जेवत काय होतात?"

"ब्रेड," बाबा म्हणाले. "कधी केळं."

आईला एकदम रडू फुटलं. मी तिला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. पदर नव्हता, स्वेटर होता, त्याच्याच बाहीला तिने डोळे पुसले, आणि मग दुसरा हात लांब करून माझं डोकं स्वतःकडे ओढून घेतलं, इतक्या जोरात, की तिच्या मंगळसूत्राची वाटी माझ्या गालाला रुतली. "चुकलं माझं," ती माझ्या केसांत म्हणाली. "शालू, चुकलं गं माझं. मी असं बोलायला नको होतं." आईने माझी माफी मागितलेली ती पहिली वेळ आणि शेवटचीही. बाबा समोर उभेच, हात कुठे ठेवावेत ते न कळून. त्या दोघांत अजून खूप बोलणं व्हायचं होतं, ते पुढे कित्येक दिवस चाललं, दाराआड आणि कधीकधी दार उघडं ठेवूनही. पण त्या क्षणी तिघंही तशीच. कुकरमधलं वरण थंड होत होतं.

"आई," मी म्हटलं, "मला खूप भूक लागलीय."

दोघंही एकदमच वाढायला धावली.